शहरातले राज्यमार्ग महापालिकेच्या ताब्यात द्यावेत का? (नाशिक)

गोदाघाट (धागाकर्ता)

पेठ रोड, दिंडोरी रोड, त्र्यंबक रोड, संभाजीनगर रोड, पुणे रोड. नाशिकमधून बाहेर पडणारा कुठलाही मोठा रस्ता घ्या, कुठेतरी तो मनपाचा राहत नाही, राज्याचा किंवा केंद्राचा होतो. ही रेघ मनपाच्या हद्दीवरच पडते असंही नाही. कुठला तुकडा आज कोणाच्या नोंदवहीत आहे यावर इथे भांडायला नको. मुद्दा तत्त्वाचा आहे: हद्दीतला राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (पुढे साबां) ठेवावा की मनपाकडे द्यावा?

कायदा सरळ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २०२. शहरातले सार्वजनिक रस्ते मनपाचे, पण शासनाकडे निहित असलेले आणि दुसऱ्या प्राधिकरणाने बांधून सांभाळलेले सोडून. म्हणजे शासनाने मनावर घेतल्याशिवाय रस्ता आपोआप मनपाचा होत नाही.

माझं मत: द्यावा. डांबर साबांचं असलं तरी खालची जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार मनपाचं. वरचे दिवे मनपाचे, झाड तोडायचं तर परवानगी मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाची, कचरा मनपाचा. सगळ्यात वाईट हाल चेंबरचे होतात. साबां ५० मिमीचा थर टाकतं, चेंबर तिथेच राहतं. दोन थरांनंतर झाकण १० सेंमी खाली. मग एक तर दुचाकीचं चाक आपटणारा खळगा, नाही तर झाकण डांबराखाली गडप. मलवाहिनी तुंबली की मनपाची माणसं नवाकोरा रस्ता फोडून चेंबर शोधत बसतात. एकच मालक असेल तर थर टाकायच्या आधी चेंबरची चौकट उचलणं त्याच निविदेत येईल.

ताळेबंद

चेंबरचं म्हणणं मान्य. पण रस्त्यासोबत पैसा येत नाही, त्याचं काय?

साबांच्या रस्त्याला देखभालीसाठी लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) ३०५४ आहे, भांडवली कामाला ५०५४. रस्ता राज्यमार्गांच्या वर्गवारीतून निघाला की दोन्ही बंद. केंद्रीय मार्ग निधीतून राज्यमार्गाला मिळू शकणारा पैसाही गेला. त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचा मोटार वाहन कर आणि इंधनावरचा कर मात्र राज्याकडेच राहणार. मनपाकडे काय? जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि दरसाल ८ टक्के वाढ. रस्ते २० किमीने वाढले म्हणून ही भरपाई एक रुपयाने वाढत नाही. उरली घरपट्टी. ती वाढवायचं नाव काढा, मग बघा सभागृहात काय होतं.

आता खर्च. १४ मीटर रुंदीच्या रस्त्यावर फक्त वरचा ३० मिमीचा बिटुमिनस काँक्रीटचा थर टाकायचा तर किलोमीटरला ४२० घनमीटर, म्हणजे साधारण १,००० टन माल. १६ टनी डंपरच्या साठेक खेपा. खालचा ५० मिमीचा डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर) धरला तर आणखी सुमारे १,६५० टन. हा झाला एका किलोमीटरचा हिशेब, तोही काही वर्षांनी परत करायचा. गल्लीबोळातल्या रस्त्यांच्या कामांतूनच हे पैसे काढावे लागतील.

डांबरट

तांत्रिक बाजूने मी धागाकर्त्यांकडे झुकतो. कारण खोदाई.

जलवाहिनी फुटली की मनपाला साबांकडे परवानगी मागावी लागते, पुनर्स्थापनेचे पैसे भरावे लागतात. गळती काही परवानगीची वाट बघत नाही, त्यामुळे आधी फोडतात, मग कागद करतात. चर बुजवणारा मनपाचा ठेकेदार, डांबर टाकणार साबां, आणि मधल्या थरांचा धनी कोणीच नाही. चर नीट बुजवायचा तर निघालेली काळी माती परत घालायचीच नाही. मुरूम १५ ते २० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा, त्यावर मूळ रस्त्याइतकी जीएसबी आणि डब्ल्यूएमएम (डांबराखालचे खडीचे थर), कडा कटरने सरळ कापून टॅक कोट (चिकटवणारा पातळ डांबराचा हात), मग डांबर. होतं काय? निघालेलाच माल एका दमात ढकलतात, वरून जेसीबीच्या बकेटने थोपटतात. पहिल्या पावसात कडेच्या फटीतून पाणी शिरतं, काळी माती फुगते, सुकली की आक्रसते, आणि रस्त्याला आडवी २ फुटांची घळ पडते. मग साबां म्हणतं मनपाने फोडला, मनपा म्हणते आम्ही पैसे भरलेत.

मालक एकच असला की हा वाद संपतो. (घळ पडतच राहील, तो भाग वेगळा.)

साईडपट्टी

विरोध. तुम्ही सगळे रस्त्याखाली काय आहे तेच बघताय, वरून काय जातं ते बघा.

हे रस्ते गावातल्या स्कूटरसाठी नाहीत. दिंडोरी रोडवर बाजार समिती आहे, भाजीपाल्याच्या गाड्या पहाटेपासून लागतात. त्यात २०१८ मध्ये केंद्राने दुहेरी टायरच्या एका आसाची (ॲक्सलची) मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे तेवढ्या बदलाने एका फेरीची झीज दीडपटीहून जास्त. हा भार जिल्ह्याचा आणि राज्याचा, पैसे नाशिकच्या घरपट्टीतून का?

दुसरं म्हणजे शिस्त. राज्यमार्गाला इमारत रेषा आहे, नियंत्रण रेषा आहे (रस्त्यापासून किती अंतरात बांधकामाला बंधन ते ठरवणाऱ्या), दुभाजक तोडायचा तर कार्यकारी अभियंत्यापर्यंत कागद जातो. मनपाकडे आला की प्रत्येक नगरसेवकाला आपल्या कॉलनीसमोर दुभाजकाला कट हवा आणि शाळेसमोर गतिरोधक हवा. आयआरसी-९९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) प्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार. शहरात जे दिसतं ते एक फूट रुंद डांबराचा बांध. रुग्णवाहिकेला विचारा. साईडपट्टीवर आधी एक हातगाडी, मग चार, मग टपरी, मग टपरीला वीज मीटर.

गोदाघाट

@साईडपट्टी, टपऱ्या आजही आहेतच की, आणि त्या राज्यमार्गावर आहेत. अतिक्रमण काढायचं पथक, गाड्या, पोलीस बंदोबस्ताची सवय मनपाकडे आहे. कलम २३१ खाली रस्त्यावर मांडलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. साबांला शेवटी मनपाचंच पथक मागवावं लागतं.

इमारत रेषेचं म्हणाल तर हद्दीत बांधकाम परवानगी देते मनपा, २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे. मालक बदलला म्हणून विकास आराखड्यातली रुंदी बदलत नाही. आणि वाहतुकीचं नियमन दोन्ही परिस्थितीत पोलीस आयुक्तालयाकडेच.

आसभाराचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, निधी मागण्यापलीकडे.

कलमबहाद्दर

हस्तांतराचा इतिहास विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितली, अंमल १ एप्रिल २०१७ पासून. लगेच ठिकठिकाणी सरकारांना साक्षात्कार झाला की शहरातले महामार्ग स्थानिक संस्थांचेच असायला हवेत. आपल्या शेजारी जळगावात यावरून केवढा गदारोळ झाला. रस्ता घ्यायला ना निधी, ना यंत्रणा, हेतू बार वाचवायचा. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहर हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं आणि हस्तांतराचा उत्साह ओसरला. त्यामुळे आज कोणी प्रस्ताव आणला तर पहिला प्रश्न विचारावा: आत्ताच का?

आता जबाबदारीचं बोलू. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली, ती रस्त्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने द्यायची. शिवाय मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आहे, रस्त्याची रचना-देखभाल मानकांप्रमाणे न करणाऱ्याला दंडाचं. ताबा पावतीवर सही केली की हे सगळं मनपाच्या गळ्यात. कागद धड नसेल तर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मेलेल्याच्या घरचे साखळी क्रमांक (रस्त्यावरची जागा सांगणारं मोजलेलं अंतर) शोधत फिरतील.

राष्ट्रीय महामार्गाची गोष्ट वेगळी. तो मनपा आणि साबां यांच्या पत्रव्यवहाराने सुटत नाही. १९५६ च्या कायद्यातल्या कलम २(३) खाली केंद्राची अधिसूचना लागते. बाह्यवळण झालं की जुना तुकडा एकदाच सुधारून राज्याला द्यायची पद्धत आहे, तिथून पुढे मनपा. त्या ‘एकदाच सुधारणे’ला चिकटून राहा. ते हातचं गेलं की परत मिळत नाही.

ताळेबंद

मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग नोव्हेंबर २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून मुंबई महापालिकेकडे गेले, हे उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो: ती देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका आहे. तिचा अर्थसंकल्प आणि आपला, यात तुलनाच नाही.

मोरीवाला

द्यावा की नाही यावर बोलून झालं असेल तर कसा घ्यावा यावर बोलू. बहुतेक हस्तांतरं तिथेच फसतात.

महासभेचा ठराव, कार्यकारी अभियंत्याचा प्रस्ताव, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, मंत्रालय, मग शासन निर्णय आणि वर्गवारीतून वगळणं, हा कागदाचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. खरं काम संयुक्त पाहणीचं. कुठल्या साखळी क्रमांकापासून कुठल्यापर्यंत ते खुणेच्या दगडासकट लिहायचं, ‘अमुक चौकापर्यंत’ असं नाही. चौक रुंद असतो, वाद बरोब्बर चौकाच्या पोटात होतो. दर ५०० मीटरला चाचणी खड्डा घेऊन थर मोजायचे. सलग चित्रीकरण. भूमी अभिलेखची मोजणी, कारण डांबराची रुंदी आणि जमिनीची रुंदी या दोन गोष्टी आहेत आणि फरक बहुधा कोणाच्या तरी ओट्याखाली असतो. दिलेल्या खोदाई परवानग्या, केबल कंपन्यांच्या अनामती, फलकांचे करार, चालू दावे, सगळ्यांची यादी.

आणि मोऱ्या, रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या. मोरी कोणी मोजत नाही. जुन्या मोऱ्या शेतातलं पाणी पलीकडच्या शेतात सोडायला बांधलेल्या. आता दोन्हीकडे काँक्रीट, पाणी जास्त आणि वेगाने येतं, वर मोरीच्या तोंडातून मनपाची जलवाहिनी आणि चार केबल गेलेल्या. नळीचं अर्धं तोंड बुजलेलं. त्यामुळे पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून जातं, डांबर सोलतं, आणि लोक म्हणतात डांबर निकृष्ट. ९०० मिमीची नळी कागदावर घेताना आत गाळ किती आहे ते काठी घालून बघा.

वेळ हा आणखी एक सापळा. मेअखेरीला ताबा घेणं म्हणजे खड्डे दत्तक घेणं. जूनपासून डांबराची कामं बंद, निविदा, मंजुरी आणि कार्यादेश होईपर्यंत दिवाळी. घ्यायचा तर ऑक्टोबरात, पावसाने काय झालं ते उघडं दिसत असताना.

डांबरट

@मोरीवाला, सगळं पटलं, ऑक्टोबर सोडून. कुंभाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे ऐन पावसात. या काळात मालक बदलला तर चालू कामाचा मापन पुस्तिकेतला हिशेब अर्धा इकडे अर्धा तिकडे. कुंभमेळा प्राधिकरण आणि बाकीच्या यंत्रणा आहेतच. २०२७ ची दिवाळी होईपर्यंत हात लावू नये.

साईडपट्टी

आणि कुंभासाठी केलेल्या रस्त्यांचा दोष दायित्व कालावधी (ज्या काळात बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा)? त्याची बँक हमी साबांच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे असेल. रस्ता मनपाचा झाला तर ठेकेदाराला नोटीस कोण देणार? मनपा त्या करारात पक्षकारच नाही. ठेकेदार दोघांनाही पोच देईल आणि शांत बसेल.

मोरीवाला

यावर दोनच मार्ग. त्रिपक्षीय करार करून हमी मनपाच्या नावे फिरवणं, पण त्याला बँकेची आणि ठेकेदाराची संमती लागते, आणि ठेकेदार ती फुकट देत नाही. नाही तर दायित्व संपेपर्यंत तेवढा तुकडा साबांकडेच ठेवून फक्त खोदाई आणि गटारांचा अधिकार मनपाला देणं. मी दुसरा घेईन.

ताळेबंद

म्हणजे फोडायचा अधिकार मनपाला आणि बुजवायचं साबांनी. हे तर आजही चालूच आहे.

डांबरट

खोदाईचा अधिकार देताना करारात एक ओळ घाला: मनपाने फोडलेल्या चराच्या दोन्ही बाजूंचे दीड-दीड मीटर मनपाच्या दायित्वात. ठेकेदाराला तक्रारीला जागा नाही आणि मनपाला पळवाट नाही. चराची जागा कोणी आणि कधी मोजायची तेवढं मोरीवाल्यांनी सांगावं. फोडल्याच्याच दिवशी, की डांबर पडल्यावर?

मोरीवाला

फोडल्याच्या दिवशी, चर उघडा असताना. डांबर पडल्यावर कडा सापडत नाहीत.