फ्रीमेसनांच्या 'लॉज'ला मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजार
मामांची सारी नोकरी मुंबईत झाली, आता ते इथे वडोदऱ्यात आमच्याकडे असतात. ते फ्रीमेसन, म्हणजे दगड घडवणाऱ्यांची हत्यारं चिन्हं म्हणून वापरणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचे सदस्य. या मंडळाच्या स्थानिक शाखेला 'लॉज' म्हणतात. लॉज आपल्याला घर का वाटायचं, यावर त्यांनी घरच्यांसाठी इंग्रजीत थोडं लिहून ठेवलंय आणि मी ते मराठीत आणतोय. पहिल्याच ओळीला गाडी अडली. 'लॉज मला घरासारखं वाटे' असं लिहिलं की वाचणाऱ्याला स्टेशनसमोरचं लॉजिंग-बोर्डिंग दिसतं. 'मंदिर' मामांना नको, कारण लॉजमध्ये धर्म आणि राजकारण या दोन्ही विषयांवर वाद घालायला बंदी असते. 'मंडळ' फारच सैल वाटतं. सुचवा काही.

सुरसागर
'लॉज'च ठेवा. दवाखाना, कारखाना पचवलेल्या भाषेला एक लॉज जड नाही. आणि लॉजिंग-बोर्डिंगची एवढी धास्ती कशाला? १७१७ साली लंडनच्या चार लॉजांनी मिळून पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, स्थापलं असं परंपरा सांगते, तेही सेंट पॉलजवळच्या 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या पानगृहात. लॉजांची ओळखच तेव्हा पानगृहांच्या नावांनी असे. सभेनंतरची पंगत आजही चालते. मामांच्या लिखाणात जेवण आहे का?

दांडियाबाजार
आहे, आणि सगळ्यात जीव ओतून लिहिलेला भाग तोच आहे. जेवताना गैरहजर बांधवांच्या नावाने प्याला उचलतात. शेवटचा प्याला टायलरच्या नावाचा, म्हणजे सभा चालू असताना तलवार घेऊन दाराबाहेर उभा राहतो त्याच्या. मामा आजारी होते तेव्हा जाता येत नव्हतं, पण तिकडे आपल्यासाठी प्याला उचलला जातोय हे मनाला माहीत असायचं, असं लिहिलंय. मला ही ओळ मराठीत नीट उतरवायची आहे म्हणूनच शब्दासाठी अडून बसलोय.

ओळंबा
मूळ पाहा. जुन्या फ्रेंचमधला 'लोज', जर्मन 'लाउबे', इंग्रजी 'लॉबी' हे सगळे एकाच कुळातले. अर्थ पानाफांद्यांचा मांडव. मोठ्या चर्चचं बांधकाम वर्षानुवर्षं चाले, त्याच्या कडेला दगड घडवणाऱ्यांची खोप असे. तिथेच हत्यारं, तिथेच जेवण, तिथेच दुपारची डुलकी. ते लॉज. तेव्हा 'खोप' हा नेमका शब्द आहे.

आणि 'फ्रीमेसन'साठी 'मुक्त गवंडी' असं कुठे छापलेलं दिसलं की मला त्रास होतो. गवंडी विटा रचतो. इथे घडीव चिरा आहे, म्हणजे पाथरवट. आम्ही बांधकामातली माणसं, म्हणून हेही सांगतो: लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यातलं चिन्ह गुण्या, त्याच्या खालोखालच्या दोन पदाधिकाऱ्यांपैकी सीनियर वॉर्डनचं पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचं ओळंबा. तिन्हींना खणखणीत मराठी नावं असताना 'काटकोनमापक' वगैरे लिहू नका.

फारसीप्रेमी
लोकांनी या वास्तूंना दिलेली नावं कुणी काढली नाहीत, म्हणून मी काढतो. उत्तर हिंदुस्थानात 'जादूघर', काही ठिकाणी 'भूतबंगला'. फारसीत 'फरामोशखाना', विसरण्याचं घर. इराणात मिर्झा मलकम खानांनी याच धर्तीवर मंडळ काढलं त्याचं नाव हेच, शहांनी ते १८६१ साली बंद केलं. आत पाहिलेलं बाहेर येताच विसरायचं, असा लोकांचा समज. बघा, बाहेरच्यांनी भीतीपोटी नावं ठेवली तरी प्रत्येकात घर, बंगला, खाना आहेच.

सुरसागर
पण फरामोशखाना म्हणजे मामांच्या अनुभवाच्या अगदी उलट. तिथे तर गैरहजर माणसालाही विसरत नाहीत.

बिऱ्हाडकरू
'बिऱ्हाड' म्हणा. लॉज म्हणजे इमारत नव्हे हे आधी लक्षात घ्या. एकाच हॉलात आलटून पालटून अनेक लॉज भरतात. लॉज म्हणजे माणसं आणि त्यांची सनद. सनद जागेवर नसेल तर सभा भरत नाही. १७३२ पासून आयर्लंडच्या ग्रँड लॉजने पलटणींना फिरत्या सनदा दिल्या, पलटण हलली की लॉज तिच्यामागे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसंच. घर जागेला चिकटतं, बिऱ्हाड माणसांना. मामांना जे वाटतं ते हेच आहे.

ओळंबा
बिऱ्हाड भाड्याचं असतं. आपल्याच घराला कोणी बिऱ्हाड म्हणतं का?

बिऱ्हाडकरू
रावपुऱ्यात, वाडीत पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाडं राहिली. मालक बदलले, बिऱ्हाडं तीच. आमची आजी शेवटपर्यंत 'आपलं बिऱ्हाड' म्हणायची आणि त्यात परकेपणाचा लवलेश नव्हता. मुळात शब्द कानडी 'बिडार', अर्थ मुक्काम, छावणी. पलटणीच्या लॉजला याहून जवळचा शब्द दाखवा.

मेसनची मुलगी
माझं थोडं वेगळं आहे. बाबा महिन्यातून एकदा काळा सूट घालून, लॉजमध्ये बांधायच्या अ‍ॅप्रनची चपटी बॅग घेऊन निघायचे. आईने तो अ‍ॅप्रन कधी हातात घेऊन पाहिला नाही. भारताच्या ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांना सदस्यत्व नाही. वर्षातून एखाद्या जेवणाला कुटुंबांना बोलावत, तेवढंच. त्यामुळे 'घर' हा शब्द मला खुपतो. बाबांना तिथे सुख होतं हे मला दिसायचं, साहेब आणि हाताखालचा कारकून एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचे याचं त्यांना फार अप्रूप. पण जिथे घरधनीण उंबरा ओलांडू शकत नाही त्याला घर म्हणू नये. दुसरा शब्द शोधा.

मांडवीकर
ताई, म्हणूनच 'आखाडा'. आपल्या दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर पाहा. गुरू मुसलमान, शिष्य माणिकराव, आणि शिष्याने संस्थेला गुरूचं नाव दिलं. एका मातीतले सगळे गुरुबंधू. 'ब्रदर'ला 'बंधू' कोरडं पडतं, 'गुरुबंधू'त ओलावा आहे. लॉजमध्येही टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवतात.

दांडियाबाजार
गुरुबंधू मामांना आवडला. आखाडा म्हटल्यावर मात्र मान हलवली. तिथे कुस्ती नाही, आणि गुरूही एक नाही, प्रमुख दरवर्षी बदलतो.

ओळंबा
मग पाथरवटांकडे परत या. गुजरातीत कडियो, म्हणजे गवंडी, वेगळा आणि सलाट वेगळा, सलाट म्हणजे दगड घडवणारा. आपल्याच गावात सलाटवाडा आहे! लॉजचा याहून सरळ अनुवाद होणार नाही.

सुरसागर
सलाट मराठी नाही. पुण्याच्या वाचकाला काय कळणार?

ओळंबा
अनुवाद वडोदऱ्यातल्या घरासाठी आहे, पुण्यासाठी नाही. इथला मराठी माणूस सलाटवाडा रोज उच्चारतो. शब्द मराठी व्हायला आणखी काय लागतं?

इंदूरकर
मधेच बोलतो. आमच्याकडे सिलावटपुरा आहे, आणि सिलावटही दगड घडवणारेच. सलाट आणि सिलावट एकच असणार, दोन्ही 'शिला'पासून.

फारसीप्रेमी
सिलावटमध्ये शिला उघड दिसते. सलाटमधला 'व' कुठे गेला ते दाखवा, मग मानतो.

इंदूरकर
बोलण्यात 'व' गळतोच. कडिया-सलाटांच्या जुन्या कागदांत मधलं रूप सापडायला हवं. वडोदऱ्याच्या मंडळींपैकी कोणाकडे सलाटवाड्यातल्या घराची जुनी दस्तऐवजं असतील तर शब्द कसा लिहिलाय ते इथे टाका.