हरणाची शिकार आणि नेमबाजी, दोन्हीसाठी एकच मोठं रिव्हॉल्व्हर: कोणतं घेऊ? (मदत हवी आहे)

सायोटोकाठचा
जरा लवकर मदत हवी आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी गन सीझन सुरू होतोय आणि त्याआधी हात बसायला दोन महिने तरी हवेत. मोठ्या बोअरचं (रुंद नळीचं, जाड गोळीचं) एकच रिव्हॉल्व्हर घेणार आहे. वर्षभर रेंजवर कागदावर नेम धरायचा आणि सीझनमध्ये हरीण. दोन घेण्याची ऐपत नाही. दुकानात तीन हाताळून पाहिली: रुगर सुपर रेडहॉक, रुगर सुपर ब्लॅकहॉक आणि स्मिथ अँड वेसन ६२९. तिन्ही .४४ मॅग्नम काडतुसाची. दुकानदार म्हणतो, घ्यायचंच तर त्याहून जोरदार .४५४ कॅसुल घे. तीन आठवडे व्हिडिओ बघतोय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कृपया "हाताला बसेल ते घे" असं सांगू नका, तिन्ही बसतात. एक नाव सांगा आणि कारण सांगा.

रानवाट
राज्य कोणतं? नळी किती इंची? आजवर .४४ चालवलंय का, की नुसतं हाताळलंय? किती अंतरावरून मारणार? यातलं काहीच न सांगता एक नाव कसं सांगणार?

सायोटोकाठचा
ओहायो. कोलंबस, सायोटो नदीकाठी. नावावरून कळेल असं वाटलं. अंतर जंगलात असतं तेवढंच. रेंजवर मित्राचं .४४ दोनदा चालवलंय.

रानवाट
ओहायो असेल तर नळीचं आधी बघ. तिथे हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते, काडतूस सरळ भिंतीचं (पुढे निमुळतं न होणारं) आणि कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, .३५७ इंच किंवा त्याहून मोठं. तू पाहिलेलं ६२९ किती इंची होतं?

सायोटोकाठचा
चार. अरेच्चा. दुकानदार काहीच बोलला नाही. तेच सगळ्यात स्वस्त पडत होतं.

रानवाट
मग ते यादीतून गेलं. ६२९ साडेसहा इंचीतही मिळतं, पण किंमत वेगळी.

डेटनचे_काका
अठ्ठावीस वर्षं ओहायोत आहे, म्हणून सांगतो. .४४ चा हट्ट सोड. सहा इंची .३५७ घे. नेमबाजीला त्यातच .३८ स्पेशलची काडतुसं चालतात, धक्का निम्म्याहून कमी आणि खर्चही कमी. मी .३५७ नं पाच हरणं घेतलीत, सगळी पंचवीस-तीस यार्डांच्या आत, एकही जखमी होऊन निसटलं नाही. लोक मोठ्या बोअरच्या नादी लागतात आणि धक्क्याला घाबरून ट्रिगर खेचायच्या आधीच डोळे मिटतात.

रानवाट
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण नवख्याला .३५७ सुचवणं मला पटत नाही. कायद्यानं चालतं म्हणजे पुरतं असं नाही. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .३५७ साधारण १२३५ फूट प्रति सेकंदानं जाते, तर २४० ग्रेनची .४४ लांब नळीतून १३५० च्या आसपास. दोन्हींच्या जोरात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. तुमचा नेम पक्का आहे, हरीण आडवं उभं राहीपर्यंत तुम्ही थांबता. नवखा माणूस थांबत नाही. तिरप्या उभ्या हरणाच्या खांद्याचं हाड मध्ये आलं की .३५७ ला फारसा वाव उरत नाही.

डेटनचे_काका
नवखा थांबत नसेल तर त्याला थांबायला शिकवायचं, हातात तोफ द्यायची नाही.

रानवाट
आधी थांबायला शिकवायचं हे मान्य, काका. तोफेचं नाही.

काडतूसवाला
दोघंही .४१ मॅग्नम विसरलात. १९६४ चं काडतूस, .३५७ आणि .४४ च्या बरोबर मधलं. धक्का .४४ पेक्षा कमी, हरणाला पुरून उरतं. मी अकरा वर्षं तेच वापरतोय. काडतुसं घरीच भरतो, त्यामुळे दुकानात मिळत नाहीत ही अडचण येत नाही. धाग्याच्या मालकाला एकच सांगणं: काहीही घे, पण रीलोडिंगचा प्रेस घे. हलका भार कागदासाठी, पूर्ण भार हरणासाठी, आणि गोळी उडाल्यावर उरणारी पितळी टोपणं पुन्हा पुन्हा वापरता येतात.

सायोटोकाठचा
दादा, मी फ्लॅटमध्ये राहतो, प्रेस कुठे ठेवू? आणि .४१ माझ्या यादीत नाही. तीनपैकी सांगा ना. आता दोनपैकी.

नेब्रास्का_नाना
रिव्हॉल्व्हर कशाला? ओहायोत सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली चालतात. .४४ चीच लिव्हर-ॲक्शन कार्बाइन घे. खांद्याला टेकवून मारलं की शंभर यार्डांपर्यंत निश्चिंत.

सायोटोकाठचा
नाना, रायफल हवी असती तर धागाच काढला नसता.

एफ१_ते_ग्रीनकार्ड
सगळे कॅलिबरवर भांडताहेत, मूळ मुद्दा कुणी विचारत नाही. तुझा व्हिसा कोणता?

सायोटोकाठचा
एच-१बी. त्याचा इथे काय संबंध?

एफ१_ते_ग्रीनकार्ड
सगळा संबंध त्याचाच आहे. नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. विकत घेणं सोड, रेंजवर तासाभरासाठी हातात घेणंही त्यातच येतं. अपवाद असा की कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर चालतं. दुकानातल्या ४४७३ फॉर्मवर हे विचारतात आणि परवाना दाखवावा लागतो. खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा, आणि ग्रीनकार्डची वाटही बंद होऊ शकते. तू मित्राचं .४४ चालवलंस तेव्हा परवाना होता का? हे विचारताना माझ्याच पोटात गोळा आलाय.

सायोटोकाठचा
आहे हो. दोन वर्षांपासून आहे. हंटर एज्युकेशन करून काढला, मागचे दोन सीझन क्रॉसबोनं मारतोय. सहकाऱ्याच्या वडिलांची होकिंगकडे ऐंशी एकर जमीन आहे, त्यांची लेखी परवानगीही खिशात असते. हे सगळं गृहीत धरलंय असं मला वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

एफ१_ते_ग्रीनकार्ड
बरं झालं. दोन गोष्टी तरी लक्षात ठेव. परवान्याची मुदत संपली आणि रिव्हॉल्व्हर घरातच राहिलं, तर त्या दिवसापासून तू कायद्याबाहेर. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिही. दुसरं, बायको एच-४ वर असेल आणि तिच्याकडे परवाना नसेल, तर तिजोरीचा कोड तिला देऊ नकोस. विकत घेण्याआधी एकदा वकिलाशी बोल. मी शंभर डॉलर देऊन बोललो होतो, एकही डॉलर वाया गेला नाही.

पंचगंगाकाठी
मी कोल्हापूरला असते. नेमबाजीचं वाचलं म्हणून लिहितेय. नेमबाजीच शिकायची तर १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. हात, श्वास, ट्रिगर, सगळं त्यात शिकायला मिळतं. आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. तुमची ही मोठी रिव्हॉल्व्हरं ऑलिंपिकमध्ये चालत नाहीत. आणि परत येताना भारतात आणता येतं का हो असलं?

एफ१_ते_ग्रीनकार्ड
ताई, ते विसरा. आणि हरणासाठी म्हणाल तर भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच बंद आहे.

तुळशीवृंदावन
मला वाईट वाटतंय हा धागा वाचून. दुकानात सगळं मिळत असताना मुक्या जनावराला कशाला मारायचं? आपल्याकडे हरीण आश्रमात वाढवायचे.

रानवाट
ताई, तुमचं वाईट वाटणं खरं आहे. माझ्या आईलाही तसंच वाटायचं. पण ओहायोची गोष्ट वेगळी आहे. १९०४ पर्यंत तिथलं हरीण बेसुमार शिकारीनं आणि जंगलतोडीनं संपलं होतं. नंतर हरणं बाहेरून आणून सोडली, पुन्हा शिकार सुरू झाली ती १९४३ ला, तीनच काउंट्यांत. आज तिथे लांडगे नाहीत, हरणं इतकी वाढली की रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. संवर्धनाचा पैसाही शिकाऱ्यांकडून येतो. हँडगनवरचा १० टक्के आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली संवर्धनाला जातो. हा गडी रिव्हॉल्व्हर घेईल त्यातूनही तो जाणार.

डेटनचे_काका
मांसाचं कुणी काढलं नाही म्हणून मी सांगतो. मागचा पाय रात्रभर दह्यात, आलं-लसूण भरपूर, कांदा-खोबरं खरपूस भाजून रस्सा. चरबी मात्र सगळी काढायची, तिलाच वास असतो. आणि वायंडॉट, मॅरियन, हार्डिनच्या भागात मारलंस तर सीडब्ल्यूडीची (हरणांना होणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची) तपासणी करून घे, अहवाल येईपर्यंत खाऊ नकोस.

सायोटोकाठचा
काका, आधी मारू तर द्या. रेडहॉक की ब्लॅकहॉक? कुणीतरी बोला.

रानवाट
आता ऐक. दोन्ही चालवलीत म्हणून सांगते.

सुपर ब्लॅकहॉक सिंगल ॲक्शन आहे. हॅमर प्रत्येक वेळी अंगठ्यानं ओढायचा, काडतुसं बाजूच्या फटीतून एकेक करून भरायची. हरणाला एकच गोळी मारायची असते, त्यामुळे ते अडत नाही. धक्क्यानं मूठ तळहातात वर सरकते, काहींना तेच सोपं जातं. पण साडेसात इंचीचा ट्रिगर-गार्ड मागून चौकोनी असतो आणि पूर्ण भाराच्या गोळीला तो मधल्या बोटाच्या पेरावर येऊन आदळतो. माझं पेर दुसऱ्याच दिवशी सोललं होतं. तिसऱ्या गोळीपासून मी आधीच बोट आखडायला लागले आणि नेम खाली जायला लागला. चौथ्या गोळीला सिलिंडरमध्ये रिकामं टोपण होतं, तरी नळी इंचभर खाली झुकली. तेव्हा कळलं, चूक माझी होती.

सुपर रेडहॉक साडेसात इंची साधारण दीड किलोचं. वजन कंबरेला जड, पण धक्का तेच पितं. रबरी मूठ, आणि स्कोपच्या रिंगा बसायला जागा चौकटीतच कोरलेली. पुढेमागे लाल ठिपक्याचं साइट लावायचं झालं तर ड्रिल करायला नको. डबल ॲक्शन (नुसता ट्रिगर खेचूनही चालणारं) असलं तरी हरणावर नेहमी हॅमर ओढूनच मार.

.४५४ चं ऐकू नकोस. दुकानदारानं तुझ्यासाठी सुचवलं नाही, स्वतःला आवडतं ते सुचवलं.

आणि काही बारीक गोष्टी. डावा हात पुढे टेकवताना सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीजवळ बोट जाऊ देऊ नकोस, तिथून बाहेर पडणारा गॅस चामडं कापतो. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही घाल. नेमबाजीला .४४ स्पेशल त्याच सिलिंडरमध्ये चालतात.

काडतूसवाला
एक जोडतो. जड गोळीची काडतुसं असतील तर धक्क्यानं न उडालेल्या काडतुसांची गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतं. पाच गोळ्या मारल्यावर सहावीची लांबी मोजून बघ. (.४१ मध्ये हा त्रास मला कधी झाला नाही.)

डेटनचे_काका
ठीक आहे, .४४ घे. पण माझी अट ऐक. वनभोजनाच्या कागदी प्लेटी घे, आठ इंची. हरणाचा छातीचा भाग साधारण तेवढाच असतो. उभं राहून, काही न टेकवता, सहाच्या सहा ज्या अंतरावर प्लेटीत जातील तेवढंच तुझं अंतर. गोळी मारल्यावर लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास बसून राहायचं.

सायोटोकाठचा
(तीन आठवड्यांनी) मित्राकडे सुपर रेडहॉक होतं हे त्यानं आता सांगितलं. रविवारी परवाना खिशात घेऊन रेंजवर गेलो. काकांच्या प्लेटी लावल्या. २५ यार्डांवर सहापैकी सहा. ५० वर सहापैकी तीन, दोन प्लेटीच्या काठाबाहेर, एक सापडलीच नाही.

रानवाट
म्हणजे पन्नास अजून तुझं नाही. धक्क्याला घाबरतोयस का ते बघ. मित्राला सिलिंडर भरायला सांग, एक-दोन रिकामी टोपणं मध्ये घालून, कुठे ते तुला न सांगता.

सायोटोकाठचा
केलं. रिकाम्यावर नळी झुकतेय, तुम्ही म्हणालात तशीच. वकिलाशीही बोललो. काल साडेसात इंची सुपर रेडहॉक घेतलं. आज शेतावर जाऊन स्टँडपासून पावलं मोजली आणि २५ यार्डांवरच्या ओकला नारिंगी फीत बांधून आलो. त्याच्या पलीकडचं हरीण यंदा जाऊ देणार. सगळ्यांचे आभार, काका, तुमचेही.

डेटनचे_काका
शाब्बास. रस्सा मात्र मी सांगितला तसाच कर.

क्लीव्हलँडची_माई
उशिरा आले. मी एच-४ वर आहे, पण ईएडी आहे. नवऱ्याबरोबर रेंजवर जाते, परवाना नाही. ईएडी असलं की चालतं ना?

एफ१_ते_ग्रीनकार्ड
नाही, माई. ईएडी हा कामाचा परवाना, व्हिसा एच-४ च राहतो आणि तो नॉन-इमिग्रंट आहे. शिकार परवाना मिळेपर्यंत रेंजवर बंदूक हातात घेऊ नका, आणि तुम्ही वकिलाशी बोलाच.