महिदपूरच्या लढाईवरच्या कादंबरीचा पहिला ड्राफ्ट संपला, आता काय करू?

खजुरीबाजारवाला (इंदूर)
नमस्कार मंडळी, परवा रात्री पावणेदोनला ड्राफ्ट संपला एकदाचा. चार वर्षं, नोकरी सांभाळून, 1 लाख 18 हजार शब्द. बायकोला उठवून सांगितलं तर म्हणाली बरं झालं, आता लाइट बंद कर. सकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन एकट्यानेच पोहे-जलेबी खाल्ली, तेवढंच सेलिब्रेशन.

21 डिसेंबर 1817ची लढाई मला जमली असं वाटतंय, म्हणजे हिस्लॉप आणि माल्कम या इंग्रज सेनापतींची फौज शिप्रा नदीच्या त्या एका उतारातून पाणी ओलांडून सरळ तोफांवर चालून येते आणि आपले होळकरांचे गोलंदाज तोफा सोडत नाहीत, इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून 800च्या आसपास जातात, हे सगळं लिहिताना हात थांबलाच नाही. आदल्या रात्रीचं मात्र बिल्कुल जमलं नाहीये. होळकरांच्या अकरा वर्षांच्या राजाला, मल्हाररावाला, खेळता खेळता तंबूतून बाहेर नेतात, त्याच्या नावाने कारभार बघणाऱ्या तुळसाबाईला कैद करतात आणि रात्री शिप्राकाठी तिचं डोकं उडवतात. एवढी मोठी गोष्ट मी चार पानांत उरकलीये. आत्ताच ते प्रकरण परत लिहू की आधी सगळं वाचून काढू? त्या प्रकरणाची सुरुवात खाली टाकतोय.

"अमावास्येसारखा काळोख होता. शिप्रेचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं."

देवासची_आत्या
अरे वा, अभिनंदन! आता दीड महिना फाइल उघडायची नाही. मी माझी दुसऱ्याच दिवशी उघडली होती, पहिली तीस पानं इतकी घासली इतकी घासली की तेवढीच चकाचक आहेत आणि पुढची तीनशे अजून तशीच पडलीयेत, सहा वर्षं झाली. नंतर प्रिंट काढ आणि हातात पेन न घेता वाच. पेन असलं की आपण र्‍हस्व-दीर्घ सुधारत बसतो.

शिप्राकाठ
भाऊ, राग मानू नका पण तुमचं पहिलंच वाक्य गडबड आहे. 1817 साली मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, 23 डिसेंबरच्या सुमारास येते. मग 20ची रात्र शुद्ध द्वादशीच्या आसपासची झाली. चंद्र दुपारनंतरच उगवलेला, रात्री डोक्यावर, आणि मावळणार थेट पहाटेकडे. अमावास्या कुठून आणली? आमच्याकडे डिसेंबरात असं स्वच्छ चांदणं पडतं की पलीकडच्या काठावरची म्हैस काळी का भुरी ते सांगता येतं.

ग्वाल्हेरी_पगडी
शिप्राकाठ यांनी भारी पकडलं. माझी शंका वेगळी आहे, तुमचा गफूरखान, होळकरांचा तो पठाण सरदार, पहिल्या पानापासून डोळे बारीक करून बोलतो का? कारण 6 जानेवारी 1818च्या मंदसौरच्या तहात त्याची जागीर पक्की झाली, जावरा संस्थान तिथूनच सुरू होतं, त्यामुळे सगळेच त्याला आधीपासून फितूर म्हणून रंगवतात. पण 20 तारखेला त्याच्या डोळ्यासमोर पगार थकलेली फौज होती आणि तुळसाबाई इंग्रजांशी परस्पर बोलणी लावतेय असा संशय होता. तेवढंच धरून लिहा ना, पुढचं जावरा वाचकाला नंतर कळू द्या. आणि त्याच्या तोंडी पुणेरी मराठी असेल तर प्लीज काढा.

खजुरीबाजारवाला (इंदूर)
आत्या, सॉरी, फाइल उघडली. शिप्राकाठ यांचं वाचल्यावर राहवलं नाही. सर्च मारला तर त्या एका प्रकरणात "काळोख" 14 वेळा, वर "मिट्ट" 3 वेळा. पंचांग बघायचं मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही, आणि तोफेच्या गाड्याला बैल किती यावर मी आख्खी दिवाळीची सुट्टी घालवली होती.

पगडीदादा, हो, डोळे बारीक करून बोलतो. आणि पुणेरीच बोलतो, काय सांगू.

पण खरी अडचण मला आज ऑफिसातून येताना राजवाड्यापाशी जाममध्ये लक्षात आली. मी काळोख केला होता तो माझ्या सोयीसाठी. काळोख असला की कोणी बघितलं नाही असं लिहून पुढे जाता येतं. चांदणं असेल तर एवढ्या मोठ्या छावणीत जागं कोण नसणार? दुसऱ्या दिवशी लढाई. पहारेकरी जागे, घोड्यांना चंदी घालणारे जागे, तोफांपाशी माझा तो गोलंदाज तर जागाच आहे, त्याला मी तीनशे पानं सोबत घेऊन आलोय. म्हणजे त्याने तुळसाबाईची पालखी नदीकडे जाताना बघितली. आणि तो जागचा हलला नाही. आणि सकाळी हाच माणूस तोफ सोडून पळत नाही.

आता ही चार पानं चारच राहत नाहीत. शिप्राकाठ, एक विचारू का, द्वादशीचा चंद्र मावळल्यावर उजाडेपर्यंत साधारण किती वेळ मिळतो?

शिप्राकाठ
डिसेंबरात दोनेक तास धरा. पण धुकं असतं हो काठाला, ते विसरू नका.