मदत हवी आहे: स्पोर्ट्स कारच्या सीटला पॉवर लंबर सपोर्ट (स्विचने कमी-जास्त होणारा कमरेचा आधार) बसवायचाय

नमस्कार मंडळी. माझ्या गाडीची सीट बाजूंनी घट्ट धरते, पण कमरेपाशी पोकळी राहते आणि लांबच्या प्रवासात पाठ पार आखडते. वेगळी उशी वळणावर सरकते. म्हणून हवेची पिशवी, १२ व्होल्टचा छोटा पंप आणि स्विच असं किट बसवायचा विचार आहे. मागचं कव्हर काढलं की स्प्रिंगची जाळी दिसते. पिशवी जाळी आणि फोमच्या मधे बांधायची ना? खरी धास्ती साइड एअरबॅगची. ती सीटच्या त्याच पाठीत आहे, तिच्या वायरचा पिवळा कनेक्टर सीटखाली. बॅटरी आधी काढेनच. पंपाला करंट सीट मोटरच्या वायरवरून घ्यावा, की फ्यूजबॉक्समधून वेगळा फ्यूज टाकून? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.