अलास्का क्रूझ: कुठल्या बंदरावर काय घ्यायचं

ए-६०२ काका: नमस्कार मंडळी. जूनच्या अलास्का क्रूझसाठी जहाजाच्या ॲपवर बंदरावरच्या सहलींची यादी आलीय, आणि एकट्या जुनोच्याच इतक्या आहेत की कुठली घ्यावी काही कळत नाही. आपलं जहाज सिॲटलहून निघणार, जुनो, स्कॅग्वे, केचिकन, शेवटी संध्याकाळी व्हिक्टोरिया आणि परत सिॲटल. मधे एक दिवस जहाजावरूनच हिमनदी बघायची आहे, त्या दिवशी उतरायचं नाही. सी-३०४ ताई, तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा हे सगळं केलंय ना, जरा सविस्तर सांगा. आपण चार फ्लॅटवाले एकत्रच बुक करू म्हणतोय

डी-२०२ दादा: हेलिकॉप्टर!! हिमनदीवर उतरवतात ते. मुलांना आत्तापासून स्वप्नं पडतायत

बी-५०१ काकू: मला गुडघ्यांचं बघावं लागेल हो. जिने आणि चढ नको, बाकी काहीही चालेल

सी-३०४ ताई: सांगते सांगते, कुकर लावून आले. पण सहलींच्या आधी व्हिसाचं बोलू. सिॲटलहून सुटणाऱ्या या जहाजांना मधे एखाद्या परदेशी बंदरावर थांबावंच लागतं, अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे तसा, म्हणून ते कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. म्हणजे आपल्या पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा पाहिजे, संध्याकाळच्या चार तासांसाठी का असेना. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच पाहिजे कारण परत अमेरिकेतच येतोय. ज्यांचा कॅनडाचा अजून झाला नाही त्यांनी सहलींची यादी मिटून आधी तो अर्ज भरा

ए-६०२ काका: आमचा आणि बी-५०१ चा झालाय. दादा तुमचा?

डी-२०२ दादा: बायोमेट्रिक झालंय, पासपोर्ट यायचाय

सी-३०४ ताई: छान. आता जुनो. आपलं जहाज तिथे दुपारी १ ला लागतं आणि रात्री १० ला सुटतं ना काका? मग भरपूर वेळ आहे, जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. माझं स्पष्ट मत सांगते, अख्ख्या क्रूझमध्ये एकाच सहलीवर पैसे खर्च करायचे असतील तर जुनोला व्हेल बघायच्या बोटीवर करा. हंपबॅक व्हेल हिवाळाभर हवाईच्या गरम पाण्यात असतात, पिल्लं तिकडेच होतात पण खायला तिकडे फारसं काही मिळत नाही, मग उन्हाळ्यात इकडे येऊन हेरिंग मासे आणि क्रिल खात सुटतात, त्यामुळे जूनमध्ये त्या हमखास असतात. बसने ऑक बे म्हणून छोट्या बंदरावर नेतात आणि तिथून बोट. आमच्या बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि सगळे गप्प झाले, तेव्हा आधी नुसता फुस्स करून आवाज आला, मग वाफेचा फवारा दिसला आणि वाऱ्याबरोबर माशांचा उग्र वास. मग पाठ वर आली, आणखी थोडी आली, आणि शेवटी शेपूट उभं राहिलं, त्याच्या खालच्या बाजूला काळे पांढरे डाग. ते डाग प्रत्येक व्हेलचे वेगळे असतात, त्यावरूनच तिथले लोक त्यांना ओळखतात. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं

बी-५०१ काकू: किती छान लिहिलंत. पण बोट हलते का फार? मला लागतं

सी-३०४ ताई: काकू ते उघडं समुद्र नाही, बेटांच्या मधलं पाणी आहे, आपल्या मांडव्याच्या बोटीएवढंसुद्धा हललं नाही आम्हाला. आत बसायला बंद केबिन आणि टॉयलेट असलेली बोट निवडा, वर्णनात लिहिलेलं असतं. गोळी तरी घेऊन ठेवा. आणि एक समजून घ्या, कायद्याने बोटीला व्हेलपासून १०० यार्ड लांब राहावं लागतं, म्हणजे साधारण ९१ मीटर, त्यामुळे मोबाइलच्या फोटोत ठिपका येतो. दुर्बीण न्या. आमच्या वेळी दीडशे डॉलरच्या पुढेच होतं माणशी

ए-४०४ वहिनी: आणि तो मेंडेनहॉल ग्लेशियर? तोही जुनोलाच ना?

सी-३०४ ताई: हो, गावापासून वीसएक किलोमीटर. व्हेल आणि ग्लेशियर अशी जोडसहल मिळते तीच घ्या, पण त्यात ग्लेशियरवर किती वेळ देतात ते बारकाईने वाचा. काही सहलींमध्ये पाऊण तासच देतात, त्यात फोटो काढून परत. निदान दोन तास पाहिजेत, कारण नगेट फॉल्स नावाचा धबधबा आहे ग्लेशियरच्या शेजारी, तिथपर्यंत जाऊन येऊन सव्वातीन किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे. धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की तुषार अंगावर येतात आणि डावीकडे ती निळी भिंत. काकू तुमच्यासाठी फोटो पॉइंटची वाट आहे, छोटी आहे आणि पक्की बांधलेली आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तिथलं व्हिजिटर सेंटर १९६२ सालचं, तेव्हा बर्फ त्याच्या किती जवळ होता त्याचे जुने फोटो आत लावलेत, ते बघून मग खिडकीतून समोर बघा. बर्फ दरवर्षी मागे चाललाय, म्हणून म्हणते पुढच्या वेळी बघू असं याच्या बाबतीत करू नका

डी-२०२ दादा: स्वतः टॅक्सीने गेलं तर स्वस्त पडेल ना? जहाजवाले दुप्पट लावतात

सी-३०४ ताई: ग्लेशियरपुरतं स्वतः जाऊ शकता, धक्क्यावरून शटल मिळते, पण तिथे नेणाऱ्या कंपन्यांना जंगल खात्याकडून ठरावीकच परवाने असतात त्यामुळे गर्दीच्या दिवशी तिकिटं संपतात, आधीच घेऊन ठेवायची. सिटी बस सगळ्यात स्वस्त पण ती अलीकडेच सोडते, पुढे अडीच किलोमीटर चालायचं, मुलांना घेऊन आणि पाऊस असला तर नको

सेक्रेटरी: बी विंगसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे, टँकर आत येत नाहीये, कृपया लगेच काढा

ए-४०४ वहिनी: आमची नाही

बी-१०३ काका: माझ्या जावयाची आहे, काढतोय. आणि स्कॅग्वेच्या रेल्वेवर मला बोलायचंय, आलोच

ए-६०२ काका: या या, तुमच्याशिवाय रेल्वेचा विषय होणारच नाही. तोवर ताई, जहाजाची सहल घ्यावी का बाहेरची, ते सांगा. दादाचा मुद्दा बरोबर आहे, भावात फरक आहे

सी-३०४ ताई: माझा साधा हिशोब आहे काका. जी सहल धक्क्यापासून लांब जाते, बोट आहे, ट्रेन आहे, तासन्‌तास लागतात, ती जहाजाकडूनच. कारण त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही. आणि जुनो, केचिकन या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, जुनो अलास्काची राजधानी असूनही! जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने विमानाने किंवा फेरीने. गावातल्या गावात फिरायचं असेल तर मात्र जहाजाला पैसे द्यायची काहीच गरज नाही. आणि घड्याळ! अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे, मोबाइलवर एक आणि जहाजावर दुसरी असा घोळ होतो, उतरताना गेटवर जी वेळ लिहिलेली असते तीच धरायची

बी-१०३ काका: आलो. गाडी काढली. तर व्हाइट पास रेल्वे. मी स्वतः गेलेलो नाही पण नोकरीभर रेल्वेत होतो आणि या लाईनवर मिळेल ते वाचलंय. नॅरो गेज, तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या दोन फुटीपेक्षा रुंद. १८९६ ला कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं, १८९७-९८ ला लोकांचे लोंढे स्कॅग्वेला उतरले, आणि पलीकडे कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्याशिवाय आत सोडत नव्हते, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान. ते सगळं घोड्यांच्या पाठीवर व्हाइट पासच्या खिंडीतून. सुमारे तीन हजार घोडी मेली त्या वाटेवर, अजून त्या दरीला डेड हॉर्स गल्च म्हणतात. मग १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू केलं आणि १९०० मध्ये लाईन पूर्ण. समुद्रसपाटीवरून निघून ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर चढते, चढ ३.९ टक्के म्हणजे २६ ला १. आपला बोरघाट १८६३ चा, तो ३७ ला १, आणि त्यालाही मागून बँकर म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. आता विचार करा. फावडी, सुरुंग आणि बर्फात माणसं दोराला लटकून खडक फोडतायत. ही ट्रेन सोडून दुसरं काही घेऊ नका स्कॅग्वेला, हात जोडून सांगतो

डी-२०२ दादा: काका तुम्हीच का येत नाही आमच्याबरोबर

बी-१०३ काका: सुनेचं बाळंतपण आहे जूनमध्ये, नाहीतर आलो असतो. व्हिडिओ काढून आणा, इंजिनाचा आवाज येऊ द्या त्यात, वर गाणी लावू नका

सी-३०४ ताई: काका अगदी बरोबर. मी जोड देते. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. वर पोचल्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि सीटची पाठ उलटी सरकवून सगळ्यांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे उजवीकडे बसलेल्यांचंही नुकसान होत नाही. डब्याच्या टोकाला उघडा प्लॅटफॉर्म असतो, गाडी चालू असताना तिथे उभं राहू देतात, जॅकेट घालून जा. एक जुना लोखंडी पूल आहे १९०१ चा, आता वापरात नाही, तो वळणावरून दिसतो. काकू, यात चालणं काहीच नाही, बसून जायचं बसून यायचं, अडीच पावणेतीन तास, व्हीलचेअरसाठी लिफ्टवाला डबाही असतो

ए-६०२ काका: यादीत एक ट्रेन अधिक बस अशीही आहे, पुढे फ्रेझर, कारक्रॉसला नेतात. ती?

सी-३०४ ताई: ती चांगली आहे, एमराल्ड लेक म्हणून हिरवंनिळं तळं दाखवतात युकॉनमध्ये. पण ती कॅनडाची हद्द ओलांडते, तपासणी होते, त्यामुळे पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा हातात पाहिजे, केबिनच्या तिजोरीत ठेवून उपयोग नाही. नुसती शिखरापर्यंतची ट्रेन घेतली तर कुठे खाली उतरवत नाहीत. मुलं बरोबर असतील तर मी साधी ट्रेन घेईन आणि उरलेल्या वेळात स्कॅग्वेच्या लाकडी फुटपाथांवर भटकेन, हजारबाराशे वस्तीचं गाव आहे, एका तासात होतं

डी-२०२ दादा: आणि हेलिकॉप्टर??? कोणी बोलतच नाही

सी-३०४ ताई: बोलते दादा. बघा, हेलिकॉप्टर ही खरोखर वेगळी गोष्ट आहे, जुनोमागे केवढं मोठं बर्फाचं पठार आहे ते वरूनच कळतं, आणि बर्फावर पाय ठेवायला खास बूट देतात. पण चौघांचं तिकीट म्हणजे दीड हजार डॉलर सहज, कुत्र्यांची स्लेज बर्फावर पाहिजे असेल तर त्याच्याही बरंच वर. ढग खाली आले की रद्द. पैसे परत देतात पण तोवर बाकीच्या सहली भरलेल्या असतात. प्रत्येकाचं वजन कपड्यांसकट करतात आणि ११३ किलोच्या वर असेल तर जादा पैसे. तुम्हाला मनापासून करायचंच असेल तर करा, आयुष्यात एकदाच होतं, पण मग जुनोला व्हेल आणि हेलिकॉप्टर दोन्ही कोंबू नका, एकाला उशीर झाला की दुसरं हातचं जातं. मुलांना फक्त कुत्र्यांत रस असेल तर खाली जंगलातल्या कॅम्पमध्ये चाकाच्या गाड्यांना जुंपतात, पिल्लं मांडीवर घ्यायला देतात, ते खूप कमी पैशात होतं

डी-२०२ दादा: पिल्लं म्हटल्यावर धाकटी हेलिकॉप्टर विसरली. बायकोशी बोलून सांगतो

ए-४०४ वहिनी: केचिकनला अस्वलं दाखवतात असं लिहिलंय, घ्यायचं का?

सी-३०४ ताई: जूनमध्ये नको वहिनी. अस्वलं ओढ्यावर येतात ती सामन माशांसाठी, आणि सामनची खरी झुंबड जुलै-ऑगस्टमध्ये. तुम्ही ऑगस्टला जात असता तर मीच म्हटलं असतं घ्या. केचिकनला काहीच विकत घेऊ नका खरं तर. तिथे वर्षाला सरासरी १५० इंच पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच पण बारा महिने पडतो, त्यामुळे छत्री नको, टोपीवाला रेनकोट. क्रीक स्ट्रीट म्हणून ओढ्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं आहेत ती जहाजापासून चालत. मग लोकल बसने सॅक्समनला जा, क्लिंगिट लोकांचं गाव, टोटेमचे म्हणजे कोरीव लाकडी खांब उभे आहेत. फक्त आपलं जहाज गावात लागतं की वॉर्ड कोव्हला ते बघून घ्या, वॉर्ड कोव्ह दहाबारा किलोमीटर लांब आहे, शटलने यायचं, अर्धा तास तिथे जातो

ए-४०४ वहिनी: टोटेममध्ये बघण्यासारखं काय असतं? फोटोत सगळे सारखेच वाटतात

सी-३०४ ताई: गोष्ट माहिती नसेल तर सारखेच वाटतात. सॅक्समनला सीवर्डचा खांब शोधा. अमेरिकेने १८६७ ला रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला घेतलं ते या सीवर्डने, तो तेव्हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. तो १८६९ मध्ये इकडे आला, क्लिंगिट सरदाराने त्याला मोठी मेजवानी दिली, भारी भारी भेटी दिल्या, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्याने उलट मेजवानी द्यायला हवी होती. त्याने काहीच केलं नाही. म्हणून सरदाराच्या लोकांनी त्याचा खांब उभारला, वरती पेटीवर बसलेला सीवर्ड, कान आणि नाक लाल रंगवलेलं, ही आमची देणी आहेत हे कायमचं दिसावं म्हणून. आता आहे ती नवी प्रत आहे पण गोष्ट तीच. आहेर घेऊन परतफेड न करणाऱ्याला काय वाटायला पाहिजे ते आपल्याला सांगावं लागत नाही. तिथे गावातलेच लोक माहिती सांगतात, त्यांचं तिकीट जरूर काढा, तो पैसा त्यांच्याकडे जातो

बी-५०१ काकू: ताई, व्हिक्टोरियाची ती बाग? बुचार्ट

सी-३०४ ताई: काकू तुम्ही तर जाच. १९०४ पासूनची आहे, चुनखडीची खाण संपल्यावर त्या खड्ड्यात बाग फुलवली. जूनमध्ये गुलाब असतात. तिथेही जहाजाचीच बस घ्या, बंदरापासून वीसबावीस किलोमीटर आहे आणि जहाज रात्रीच सुटतं. सूर्य नऊनंतर मावळतो म्हणून आधीच्या बसचं तिकीट घ्या, उशिराच्या बसने गेलात तर अर्धी बाग अंधारात. खालच्या बागेत जायला पायऱ्या आहेत पण उताराची वाटही आहे, नकाशात बघून ती धरा

ए-४०४ वहिनी: खायचं काय? आम्ही कांदा लसूणसुद्धा खात नाही

सी-३०४ ताई: ज्या सहलीच्या नावात सामन बेक आहे ती सरळ सोडा, पैसे माशाचेच घेतात. बाकी ठिकाणी पाकीटबंद खाकरा, चिक्की पर्समध्ये ठेवा. जहाजावरची फळं, सँडविच खाली नेऊ देत नाहीत. जहाजावर जैन जेवणाचं आत्ताच कळवून ठेवा

ए-६०२ काका: मग माझं असं ठरतंय, जुनोला व्हेल आणि मेंडेनहॉल एकत्र, ग्लेशियरला दोन तास असलेली बघून. स्कॅग्वे शिखरापर्यंतची ट्रेन. केचिकन आपलं आपण. व्हिक्टोरियाला बाग, लवकरची बस. आणि जुनोला ती रोप वे आहे धक्क्यावरच, माउंट रॉबर्ट्सची, तीही टाकू का?

सी-३०४ ताई: ती आधी नको काका. जहाजातून उतरलात की मान वर करा, डोंगराचा माथा दिसत असेल तर तिथल्या तिथे तिकीट काढा. ढगात असेल तर वर जाऊन पांढरं धुकंच दिसतं

डी-२०२ दादा: आमचं ठरलं. जुनोला मी आणि मोठा व्हेलला, बायको आणि धाकटी कुत्र्यांच्या कॅम्पला. हेलिकॉप्टर कॅन्सल. काका, ट्रेनमध्ये आमची चार तिकिटं धरा

बी-५०१ काकू: आमची दोन सगळीकडे, केचिकनला मी क्रीक स्ट्रीटवर बसून राहीन, तुम्ही सॅक्समनला जाऊन या

ए-४०४ वहिनी: आमची तीन. काकू, केचिकनला मी थांबते तुमच्याबरोबर

ए-६०२ काका: ठीक. ट्रेनचं सकाळचं बुक करतोय, दुपारच्यात जहाजावर परतायला वेळ कमी राहतो. ॲपवर प्रत्येकाचं बुकिंग आपापल्या केबिन नंबरवरूनच होतं म्हणतात, तर रविवारी ११ वाजता क्लब हाउसला सगळे फोन घेऊन या, एकत्र बसून करू. ताई तुम्हीही या हं