ऑक्सिजनचा मुद्दा सोडला तर झाडांचा नेमका उपयोग काय?

उगाच_एक_शंका:
ग्रुपवर वाद झाला म्हणून इथे विचारतोय. एकाने लिहिलं की जगातल्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा समुद्रातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) बनवतं, आणि ॲमेझॉनचं जंगल जेवढा बनवतं तेवढा बहुतेक सगळा तिथलीच झाडं, प्राणी आणि कुजणारा पाला वापरून टाकतात, त्यामुळे 'झाडं गेली की श्वास कोंडणार' ही नुसती फेकाफेक आहे. शोधून बघितलं तर माहिती बरोबर निघाली राव. मग 'झाडे लावा' हे आपण नक्की कशासाठी म्हणतो? शाळेतल्या निबंधातलं उत्तर नको, खरोखर काय होतं ते सांगा.

बुंधा:
तुमच्या मित्राची माहिती बरोबर, पण म्हणून झाडं बिनकामाची असा निष्कर्ष काढला तर तो चुकला. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, हा साठा एवढा प्रचंड आहे की उद्या सगळी झाडं गेली तरी तो हजारो वर्षं पुरेल, पण त्याच्या कितीतरी आधी आपण उपाशी मेलेलो असू. ऑक्सिजन हा झाडांच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे आणि नेमका तोच सगळीकडे पोस्टरवर असतो, त्याला काय करणार.

मला विचाराल तर मोठा मुद्दा गारव्याचा. पत्र्याच्या शेडखाली उन्हात उभं राहा आणि मग झाडाखाली, फरक लगेच कळतो. सावली दोन्हीकडे आहे पण पत्रा तापतो आणि खाली उष्णता सोडत बसतो, पानं मात्र मुळांनी ओढलेलं पाणी वाफ करून सोडत राहतात म्हणून स्वतः फारशी तापत नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर सोडलं (भरपूर पाणी असेल तर तेवढं सहज सोडतं) तर ६८ युनिट उष्णता तिथल्या तिथे शोषली गेली. आणि एसीसारखी ती भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडे ढकललेली नसते. फक्त माती कोरडी पडली की पानांची छिद्रं मिटतात आणि हा गारवा घटतो, मग उरते ती नुसती सावली.

ओली_माती:
बुंधा यांना +१, पण पाण्याचं राहिलं. उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब आपटतात, मातीचे कण सुटून वरची छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं सोडून माती घेऊन पळतं. झाडं असली की पानं थेंबांचा जोर मोडतात, खाली पालापाचोळा असतो, आणि मुळांनी व गांडुळांनी केलेल्या वाटांनी पाणी आत उतरतं. यात पालापाचोळ्याचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं, आणि आपण तोच झाडून जाळतो!

आता उलटी बाजू पण सांगते. झाड लावलं की पाणी वाढतं हे सरसकट खरं नाही, झाड पाणी पितंही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकार बाहेरून आणलेली निलगिरी, पाइन वगैरे झाडं तोडायचा कार्यक्रम चालवतंय, कारण काय तर ओढ्या-नद्यांचं पाणी वाचावं. गवताळ माळाला 'ओसाड' समजून तिथे झाडं कोंबणं हा पण असलाच प्रकार, त्या गवताने जमिनीत बराच कार्बन साठवलेला असतो आणि त्यावर जगणारे पक्षी-प्राणी वेगळे असतात.

फांदीवरून:
कार्बनचं मी सांगतो. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाने तोलून घेतलेल्या मातीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७४ किलोने वाढलं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. त्याला वाटलं सगळं लाकूड पाण्यातून आलं, प्रत्यक्षात त्यातला कार्बन हवेतला होता. वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन म्हणजे हवेतून काढलेला कार्बन. म्हणून जुनं झाड तोडून 'बदल्यात दहा रोपं लावू' म्हणतात ना, तो हिशोब जुळायला कित्येक वर्षं लागतात, तेही रोपं जगली तर, आणि फोटो काढून झाल्यावर पाणी घालायला कोण जातंय.

उगाच_एक_शंका:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. अजून एक, घरातल्या कुंड्यांनी हवा शुद्ध होते म्हणतात ते? आणि रात्री झाडं खोलीत ठेवू नयेत ते?

ओली_माती:
नासाचा १९८९ चा प्रयोग होता तो, पण छोट्या बंद पेटीत. खऱ्या खोलीत हवा येत-जात असते, तिच्यापुढे चार कुंड्यांचा परिणाम जाणवतही नाही, खिडकी उघडलेली बरी. रात्रीचं म्हणाल तर झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण खोलीत झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतो, त्याला कुठे बाहेर काढता :)

कुंड्या ठेवा, मनाला बरं वाटतं म्हणून ठेवा. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटांची तुलना छापली होती, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधंही कमी लागली. पेशंट ४६ च होते, त्यामुळे फार ताणू नये.