'अशील', 'उपदेशक', 'कैवारी' : कुटुंब समुपदेशन केंद्रातल्या कागदांसाठी शब्द हवे आहेत

मूळ प्रश्न

वसईत चर्चच्या आवारातल्या एका कुटुंब समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस कागदपत्रांचं काम बघते. दोन अनुभवी समुपदेशक आणि चार शिकणाऱ्या मुली. येणारे बरेचसे ख्रिस्ती, पण हिंदू आणि मुसलमान कुटुंबंही येतात. आजवर संमतिपत्र इंग्रजीत होतं, लोक न वाचता सही करायचे. कोणाला तरी वाटलं मराठीत करावं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिला मसुदा मी वकिलाच्या कागदावरून बेतला आणि शेवटी 'अशिलाची सही' असं लिहिलं. गेल्या महिन्यात एक बाई आल्या, पन्नाशीच्या, नवऱ्याशी वर्षभर अबोला. त्यांनी फॉर्म चष्मा लावून सगळा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन खाली ठेवलं. "अशील म्हणजे? शील नाही ती? तो बाहेर बसलाय त्याला द्या हा कागद." मी 'तसं नाही हो मावशी' म्हणत बसले, पण त्या दिवशी त्यांनी सही केली नाही ती नाहीच.

तर मला हवेत: क्लायंट, काउन्सेलर, ट्रेनी थेरपिस्ट, सुपरव्हिजन, आणि सगळ्यात अवघड म्हणजे फेथ-इन्फॉर्म्ड, म्हणजे येणाऱ्याच्या श्रद्धेचं भान ठेवून केलेलं समुपदेशन. शब्दकोशातले नकोत. मावशींनी वाचून पेन खाली ठेवू नये, असे हवेत.

निवृत्त मराठी शिक्षक, पालघर

मावशींचं वाचन चुकलं, पण त्यांचा कान चुकला नाही. 'अशील'मधला 'अ' नकाराचा नाहीच. शब्द अरबी 'असील'वरून आला. असील म्हणजे अस्सल, मूळचा. वकील हा दुसऱ्याच्या वतीने बोलणारा आणि असील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. झुंजीच्या कोंबड्यांतली 'असील' जात ऐकली असेल, तो शब्दही हाच. स च्या जागी श आला आणि संस्कृत शीलाची सावली त्यावर पडली.

आता गंमत बघा, मुळातला अर्थ तुमच्या कामाला किती चपखल आहे: ज्याची गोष्ट आहे तो मूळ माणूस. पण व्युत्पत्ती सांगून कोणी सही करत नसतं. काढून टाका.

कुटुंब न्यायालयात काम केलेली एक समुपदेशक

आमच्याकडे 'पक्षकार' चालायचा. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच समुपदेशकांची तरतूद आहे, कलम 6, त्यामुळे आमच्या दारावर 'विवाह समुपदेशक' अशी रीतसर पाटी. कोर्टात पक्षकार ठीक आहे, कारण दोन पक्ष असतातच, एक अर्जदार आणि एक समोरचा. तुमच्याकडे मात्र तो शब्द आणू नका. नवराबायको एकाच बाकावर बसलेले असतात, अजून एकमेकांच्या विरोधात कागद झालेला नसतो, आणि तुमचा फॉर्म त्यांना दोन पक्षांत वाटून टाकतो.

'रुग्ण' तर मुळीच नको. ज्याला आणलंय तो उठून जातो. "मी काय वेडा आहे का?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय, बहुतेक वेळा पुरुषांकडून. आणि त्यात 'वेडा' हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारलेलाही नसायचा.

अहिल्यानगरहून

क्लायंटचं सुटेल. माझी अडचण 'समुपदेशक' या शब्दापाशीच सुरू होते. मी प्रोटेस्टंट घरात वाढले. आमच्या मराठी बायबलात 'उपदेशक' नावाचं पुस्तक आहे, 'सर्व व्यर्थ' म्हणणारं. शिवाय रविवारी उपदेश, लग्नात उपदेश, मयतीला उपदेश. समोर 'सम्' लावला तरी आमच्या आजीच्या कानावर 'उपदेश'च पडणार. आणि घरोघरी 'उपदेशाचे डोस' म्हणजे काय ते सांगायला नको.

पण याहून मजेशीर पुढे आहे. इंग्रजीत यशया 9:6 मध्ये 'वंडरफुल काउन्सेलर' असं येतं. नाताळच्या कार्डांवर तुम्ही पाहिलं असेल. आमच्या मराठी बायबलात तिथे 'अद्भुत मंत्री' आहे. मंत्री म्हणजे मंत्रणा देणारा, राजाच्या कानाशी बसणारा. शब्द अगदी योग्य, पण आज 'मंत्री' म्हटलं की गाड्यांचा ताफाच डोळ्यांपुढे येतो.

दुसरी जागा योहान 14:16. ग्रीक शब्द 'पॅराक्लीटॉस', बाजूला उभं राहायला बोलावलेला. इंग्रजीत जुन्या भाषांतरात 'कंफर्टर' होता, विसाव्या शतकातल्या काही भाषांतरांत 'काउन्सेलर' झाला, तर काहींत 'ॲडव्होकेट'. मराठीत? 'कैवारी'. मला हा शब्द फार आवडतो. पवित्र आत्मा तुमचा कैवार घेतो. पण तुमच्या केंद्रात बायको आणि नवरा समोर बसलेत आणि समुपदेशक कैवारी झाला, तर संपलंच की!

तीच कोर्टातली समुपदेशक

संपलंच. अहो, हेच तर पहिल्या दिवशी शिकवतात. सासूचं ऐकताना मान किती हलवायची याचंसुद्धा भान ठेवावं लागतं. सुनेने ती मान पाहिली की पुढच्या वेळी ती येत नाही. 'माझा कैवार घ्या' हीच मागणी घेऊन निम्मे लोक येतात, आणि तो न घेता त्यांना बसवून ठेवणं हे आमचं कौशल्य. त्यामुळे श्रद्धाळू माणसाला बायबलातला कैवारी हवाच असतो, आणि खोलीतल्या खुर्चीवर तो मिळत नाही. हे तुमच्या फॉर्मवर कुठेतरी स्पष्ट यायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती

हे मी समुपदेशकांना वाचून दाखवलं. मोठे सर म्हणाले, "कैवार प्रार्थनेत मागायचा, इथे नाही." लिहून ठेवलंय.

याच क्षेत्रात शिकणारी एक मुलगी, पुणे

ट्रेनीबद्दल मी बोलते, कारण ती मीच आहे. आमच्या बिल्ल्यावर 'प्रशिक्षणार्थी' लिहिलं होतं. एक आजोबा ते वाचून म्हणाले, "बरं, मग खऱ्या बाई कधी येणार?" तरी 'प्रशिक्षणार्थी' बराच सभ्य. 'शिकाऊ' लावलं असतं तर गाडीच्या मागचा लाल 'एल' आठवला असता. डॉक्टरांची 'आंतरवासिता' (इंटर्नशिप) असते, तो शब्द कॉलेजच्या पत्रांत चालतो, तोंडात बसत नाही. मला खरं तर 'उमेदवारी' आवडते. पूर्वी लोक वकिलाकडे, छापखान्यात उमेदवारी करायचे. त्यात 'उमेद' आहे. पण निवडणुकांनी तो शब्दही पळवला.

'थेरपिस्ट'ला 'मानसोपचारतज्ज्ञ' मात्र कृपा करून लिहू नका. तो शब्द लोकांच्या डोक्यात एमडी झालेल्या, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी पक्का आहे. मानसशास्त्रज्ञ वेगळे, आणि त्यांतही चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आम्ही यातलं काहीच नाही, अजून शिकतोय. फॉर्मवर चुकीचा शब्द पडला तर ती नुसती भाषेची चूक राहत नाही, लोकांची फसवणूक होते.

आणि 'सुपरव्हिजन'ला 'पर्यवेक्षण' नको. पर्यवेक्षक म्हणजे दहावीच्या वर्गात पाठीमागून येऊन पेपरवर सावली पाडणारा. आमची सुपरव्हिजन म्हणजे दर गुरुवारी ताईंसमोर बसून, मी कुठे घाबरले, कुठे मध्येच बोलले, कोणत्या बाईंमध्ये मला माझी आई दिसली, ते सांगणं. त्यात कॉपी पकडण्यासारखं काही नाही. (बरं, थोडं आहे.) आम्ही आपसांत त्याला 'गुरुवार' म्हणतो. "माझा गुरुवार वाईट गेला."

पालघरचे शिक्षक

गुरुवार! गुरूचा वार. भाषा आपली सोय कशी करून घेते बघा. फॉर्मवर 'मार्गदर्शक समुपदेशक' लिहा, भांडण मिटेल.

ठाण्याहून

'फेथ-इन्फॉर्म्ड'वर कोणी बोललंच नाही. 'श्रद्धाधारित समुपदेशन' अजिबात नको. 'आधारित' म्हणजे त्याच पायावर उभं. वाचणाऱ्याला वाटेल, इथे प्रार्थनेनेच दारू सुटते. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हाही त्याखाली गुन्हा आहे. तुमचं काम त्यात बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण आपल्याकडे 'श्रद्धा' शब्द आला की पाठोपाठ 'अंधश्रद्धा' दारात येऊन उभी राहते, त्याला इलाज नाही.

अहिल्यानगरहून

आणि आमच्याकडे 'श्रद्धा'पेक्षा 'विश्वास' जास्त रुळलेला. 'विश्वास, आशा, प्रीती' ही तिघं एकत्रच येतात. पण 'विश्वासाधारित समुपदेशन' म्हटलं तर हिंदू वाचकाला वाटेल, आमचा समुपदेशकावर विश्वास आहे, एवढंच. विशेषण शोधायचं सोडून द्या. वाक्य लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

मला एक भीती आहे, तीही इथेच सांगते. आमच्याकडे कॅथलिक लोक जास्त. बोलताना सगळे 'कन्फेशन' म्हणतात, गोव्याकडचे 'कुमसार'. खोली चर्चच्या आवारात, बाहेर क्रूस. मागे एकांनी आत येताच गुडघे टेकायला जागा शोधली. फादरना कबुलीजबाबात सांगितलेलं कुणालाही, कधीही सांगता येत नाही, तो नियम चर्चच्या कायद्यात अभंग आहे. आमची 'गोपनीयता' तशी नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय हे कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 खाली कळवावंच लागतं. कोणी जीव द्यायला निघालं असेल तर आम्ही गप्प बसत नाही. मग 'गोपनीयता' लिहिलं की आमचे लोक त्यात कन्फेशनचा अर्थ भरणार. हे कसं टाळायचं?

कोर्टातली समुपदेशक

'गोपनीयता' हा शब्द शपथविधीचा. लोकांना तो 'मी कुणालाच सांगणार नाही' इतकाच कळतो. दोन वाक्यं करा. एक, काय आमच्यापाशी राहतं. दोन, काय राहत नाही. आणि ती तोंडी वाचून दाखवा, सहीच्या आधी. आम्ही तसंच करायचो, आणि दुसरं वाक्य ऐकून उठून गेलेला माणूस मला आठवत नाही.

पालघरचे शिक्षक

जाता जाता, मागणी नसताना एक शब्द. 'शुश्रूषा'. आज त्याचा अर्थ आजाऱ्याची सेवा. पण धातू 'श्रु', ऐकणे, त्याचं इच्छारूप. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. त्यावरून शिष्याची आज्ञाधारकता, मग सेवा, मग रुग्णसेवा. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'अशुश्रूषु'ला, म्हणजे ज्याला ऐकायचंच नाही त्याला, हे सांगू नकोस असं म्हटलंय. आणि त्याच्या थोडं आधी, सगळं सांगून झाल्यावर, 'यथेच्छसि तथा कुरु'. तुला वाटेल तसं कर. ग्रीक 'थेरपी'चं मूळही सेवा करणे, जवळ राहून काळजी घेणे. ग्रीक सेवेवरून उपचाराकडे गेले, आपण ऐकण्यावरून सेवेकडे आलो. तुमच्या शिकणाऱ्या मुलींना 'शुश्रूषक' म्हणा असं मी सुचवणार नाही, लोक सलाईन लावायला बोलावतील. पण त्यांना हे सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सांगितलं. एकीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, दुसरी म्हणाली, "सर, परीक्षेला येईल का?"

फॉर्म आता असा झालाय:

'तुम्ही इथे बोलायला आला आहात. आम्ही ऐकणार आहोत. तुमच्या घरात कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक हे आम्ही ठरवणार नाही, कोणाचा कैवार घेणार नाही. देवाधर्माविषयी बोलायचं असेल तर बोला, नसेल तर आम्ही विषय काढणार नाही. तुमच्यासमोर बसलेली व्यक्ती समुपदेशनाचं शिक्षण घेत असेल तर ती तसं सुरुवातीलाच सांगेल, आणि तुमच्याशी झालेल्या बोलण्याची चर्चा ती तिच्या मार्गदर्शक समुपदेशकांशी करेल. तुम्ही सांगितलेलं आमच्यापाशी राहील. लहान मुलाला किंवा कोणाच्याही जिवाला धोका असेल तर मात्र आम्हाला ते योग्य ठिकाणी कळवावं लागेल.'

खाली: 'बोलायला आलेल्यांची सही'.

मावशी बुधवारी परत आल्या. सगळं वाचलं. 'कैवार घेणार नाही'वर थांबल्या, म्हणाल्या, "त्याचाही नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी सही केली. नवऱ्याला मात्र चष्मा आणला नाही म्हणून मला वाचून दाखवायला लागलं.

बिल्ल्यावर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. सध्या नुसतं नाव आहे.